कणीस नव्हे, नांगरणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आमच्याकडच्या एका बायबल अभ्यासवर्गात योसेफाची गोष्ट चालली होती. सांगणाऱ्यांच्या हातात १६११ सालचे इंग्रजी भाषांतर. त्यात उत्पत्ती ४५:६ मध्ये ‘इअरिंग’ असा शब्द आहे. इंग्रजी ‘इअर’ म्हणजे कणीस असे धरून त्यांनी अर्थ लावला, ‘आणखी पाच वर्षे कणसे धरणार नाहीत’. मुले ते वहीत उतरवून घेत होती, म्हणून हे पत्र.

मूळ हिब्रू शब्द ‘खारीश’, म्हणजे नांगरणी. जुन्या इंग्रजीत ‘इअर’ हे नांगरण्याचेच क्रियापद होते. धान्याच्या कणसाशी त्याचा संबंध नाही. कणीस भरले नाही, तरी पेरा झालेला असतो. इथे माणूस नांगरालाच हात लावणार नाही. दुष्काळाची दोन वर्षे सरली, पाच उरली, हे योसेफ मिसरात (इजिप्तमध्ये) भावांना सांगतो तेव्हा त्या एका शब्दात केवढी भीती आहे!

ख, र, श याच तीन व्यंजनांचा ‘खाराश’ म्हणजे लाकूड, दगड, धातू घडवणारा कारागीर. आपल्याकडेही नांगराने पडते ते तास, आणि सुतार लाकूड तासतो. व्युत्पत्ती म्हणून हे सांगत नाही, पण मराठी कानाला तो हिब्रू शब्द लगेच उमगतो. यिर्मया १७:१ मध्ये यहूदाचे पाप हृदयाच्या पाटीवर कोरलेले आहे, तिथे हेच मूळ क्रियापद. नीतिसूत्रे ३:२९ मध्ये शेजाऱ्याचे वाईट योजू नको म्हटले आहे, तिथेही अक्षरशः ‘नांगरू नको’. आणि स्तोत्र १२९ मध्ये तर छळणाऱ्यांनी पाठीवरच नांगर फिरवून लांब तासे पाडली आहेत. ते वाचताना अंगावर काटा येतो.

निर्गम ३४:२१ सांगते की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी विसावा घ्यावा. तिकडे शरदातला पहिला पाऊस पडून भुई मऊ झाली की नांगर जुंपतात. वाफसा आलेला असताना बैल सोडून घरी बसायचे म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच विचारा! आमच्या अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ती हीच आज्ञा.

मराठी बायबलात योसेफाच्या तोंडी नांगरणीच आहे. मुलांच्या वहीतले ‘कणसे’ खोडून तिथे ‘नांगरणी’ लिहून द्यावे, एवढी वर्ग चालवणाऱ्यांना विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, अलिबाग तालुका