चिठ्ठी लिहितानाच सांगा

महोदय,

कानाच्या संसर्गासाठी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी जुलाब लागले. रात्रभर ती पोटाशी पाय घेऊन पडली होती, पोटाला हातसुद्धा लावू देईना. हे औषध रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपकारक जीवाणूही मारतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. प्रोबायोटिक म्हणजे औषधासारखे घ्यायचे उपकारक सूक्ष्मजीव; त्यांपैकी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी (हा खरं तर जीवाणू नव्हे, यीस्ट आहे) दिल्यास असे जुलाब टळण्याची शक्यता वाढते. मात्र या सूक्ष्मजीवांच्या प्रत्येक वाणाचं (उपप्रकाराचं) काम वेगळं. पाकिटावर नुसतं ‘प्रोबायोटिक’ असून भागत नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांना तर त्यातून गंभीर संसर्गही होऊ शकतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच हे दोन मिनिटं समजावून सांगावं, अशी कळकळीची विनंती.

– एक आई