वाचकांनी लिहिलेलं परत द्या

सोलापूर
दि. २१ एप्रिल २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
कथालेखन अ‍ॅप विभाग

विषय : ९ मार्चच्या अपडेटनंतर माझ्या कथामालिकेवरचे १,१४० लेखी अभिप्राय नाहीसे झाले, तसेच ७४९ रुपयांच्या 'प्रसिद्धी पॅक'बाबत फसवणूक झाली, त्याबद्दल तक्रार.

महोदय,

मी तीन वर्षांपासून आपल्या अ‍ॅपची वर्गणीदार आहे आणि तिथे लिहितेही. दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. रात्री जेवणं उरकली की दहा ते साडेअकरा मोबाइलवर लिहिते. माझी अव्वा, म्हणजे आजी, जन्मभर विड्या वळायची. तिच्यावरची कथामालिका मी आपल्याकडे ६१ भागांपर्यंत आणली. आमच्या घरात बोलणं तेलुगूत चालतं. पण शाळा मराठी झाली, हिराचंद नेमचंद वाचनालयातली पुस्तकं वाचत मोठी झाले, त्यामुळे लिहायचं म्हटलं की मराठीच सुचते.

९ मार्चला अ‍ॅप अपडेट झालं. कथेच्या खाली वाचक लिहायचे ती जागा गेली. तिथे आता पाच तारे आहेत आणि चार बटणं : 'अप्रतिम', 'भावस्पर्शी', 'सुंदर', 'पुढचा भाग लवकर'. इथून पुढे लिहायची सोय नाही एवढंच असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. पण जुनं लिहिलेलंही गेलं. तीन वर्षांत लोकांनी लिहिलेले १,१४० अभिप्राय. हा आकडा माझ्या पानावर ८ मार्चपर्यंत दिसत होता, त्याचं छायाचित्र सोबत जोडलं आहे.

मी चार वेळा तक्रार नोंदवली. तीनदा तोच मजकूर आला, की जुने अभिप्राय नव्या रचनेत बसत नाहीत. चौथ्यांदा आपल्या कार्यालयातून एका मुलाचा फोन आला. बोलायला नम्र होता. म्हणाला, "ताई, तुमचं रेटिंग ४.८ आहे, ते जसंच्या तसं ठेवलंय. तुमचं काहीच नुकसान झालेलं नाही." माझं नुकसान काय झालं ते मला त्याला फोनवर सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

नवव्या भागात मी लिहिलं होतं की अव्वा सकाळी तेंदूच्या पानांचा पुडा सोडते आणि लगेच पत्र्याच्या मापाने कात्री चालवायला बसते. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी लिहिलं, की ताई, कोरडं पान कापायला गेलं तर तडकतं. आदल्या रात्री भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, तेव्हा सकाळी ते हाताला वळतं. मी त्या घरात वाढले, तरी हे लिहिताना विसरले होते. ती ओली पोती दाराशी पडलेली असायची, मी त्यांच्यावरून उडी मारून शाळेत जायचे. त्यांच्या चार ओळींनी ती पोती मला परत मिळाली आणि मी भाग दुरुस्त केला.

पंधराव्या भागात विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये विड्या द्यायला गेलेल्या अव्वाच्या शंभर-सव्वाशे विड्या खराब म्हणून छाटल्या जातात, आणि हजाराचा हिशेब पुरा करायला ती रात्री पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसते. त्यावर सिन्नरच्या एका वाचकाने त्यांच्याकडे ही छाट कशी चालायची ते लिहिलं. त्याच्या खाली निपाणीच्या बाईंनी लिहिलं. मग त्या दोघांचं एकमेकांशीच बोलणं सुरू झालं : मजुरी, तंबाखूची धूळ, कामगाराच्या नोंदीच्या पुस्तकावर नाव कुणाचं आणि विड्या वळायचं कोण. मी फक्त वाचत होते. माझ्या कथेपेक्षा त्या बोलण्यात जास्त होतं, हे मी मनापासून सांगते. तेही गेलं. ते तर माझं लिखाण नव्हतंच, त्या दोघांचं होतं, आणि ते पुसण्याआधी आपण त्यांनाही विचारलेलं नाही.

सगळ्यांनी कौतुकच केलं असंही नाही. तिसाव्या भागाखाली एकीने सरळ विचारलं, "तुमची अव्वा कधी चिडतच नाही का? माझी आई चिडायची. ताट आपटायची, आम्हाला शिव्या द्यायची. हजार विड्या वळून देवीसारखं कोण वागतं?" मला फार लागलं. दोन दिवस काही लिहिलं नाही. मग आठवलं की अव्वाने एकदा माझी वही चुलीत घातली होती. ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एकतिसावा भाग त्या वहीवर आहे आणि माझ्या मते ६१ भागांत तोच सर्वांत खरा उतरला आहे. त्या बाईंनी तेव्हा तीन तारे दिले होते. आपल्या नव्या रचनेत मला फक्त ते तीन तारे दिसले असते. मी वाईट वाटून घेतलं असतं आणि पुढे गेले असते. वही चुलीतच राहिली असती.

आता त्या ४.८ बद्दल. माझी मुलगी संख्याशास्त्रात बी.एस्सी. करते. तिने आपल्या पहिल्या पानावरच्या कथा मला दाखवल्या. जवळजवळ सगळ्या ४.६ आणि ४.९ च्या मध्ये आहेत. तिचं म्हणणं, जिथे सगळ्यांना सारखेच गुण मिळतात तिथे गुण काही सांगत नाहीत. शिवाय चार जणांनी पाच तारे दिलेली कथा आपल्या यादीत नऊशे जणांनी ४.७ दिलेल्या कथेच्या वर बसते. मतं थोडी असतील तेव्हा सरासरीवर कमी विसंबायचं, ती एकूण सरासरीकडे ओढून धरायची, ही रीत जुनी आणि साधी आहे असं ती सांगते. आपल्यासारख्या कंपनीला ती माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तिनेच मला २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी १४ हजारांवर लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट केले आणि त्यांना आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं तो आकडाही दाखवला. आकडा दिसल्यावर वर असलेली गाणी आणखी वर गेली, खालची आणखी खाली. आणि आठही गटांत तीच गाणी वर आली असंही झालं नाही. फार चांगलं गाणं सहसा तळाला जात नसे, फार वाईट सहसा वर येत नसे, मधल्यांचं मात्र काहीही होत असे. २०१३ साली त्याच नियतकालिकात आणखी एक प्रयोग आला. त्यात लोकांच्या लेखी प्रतिक्रियांना सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत देऊन ठेवलं होतं. शेवटी त्यांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. एका मताने इतका फरक पडतो.

हे समजल्यावर मला माझ्या ७४९ रुपयांचा उलगडा झाला. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, आपला संदेश आला होता की 'प्रसिद्धी पॅक' घ्या, हजारो खरे वाचक मिळवा. मी अठ्ठेचाळिसाव्या भागासाठी तो घेतला. दोन दिवसांत ४,२०० वाचनं दिसली. घरात सगळ्यांना दाखवली, मुलीने पेढे आणले. नंतर आपल्याच आकडेवारीच्या पानावर बघितलं तर सरासरी वाचनवेळ सहा सेकंद. तो भाग १,४०० शब्दांचा आहे, नीट वाचायला सहा-सात मिनिटं लागतात. त्या ४,२०० मधून एकही ओळ लिहून आली नाही, आणि एकोणपन्नासाव्या भागाला वाचक तेवढेच राहिले जेवढे आधी होते. त्या लोकांनी कथा उघडली की आपणच ती त्यांच्यापुढे उघडून ठेवली, हे मला कळलेलं नाही. पण सहा सेकंदांच्या माणसाला मी वाचक म्हणणार नाही, आणि 'खरे वाचक' या शब्दांवर आपण पैसे घेतले आहेत.

एक गोष्ट माझ्याकडूनही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र अर्धंच खरं होईल. आपली क्रमवारी चोवीस तासांतल्या वाचनांवर चालते हे लेखकांना कळलेलं आहे. त्यामुळे 'तू माझं उघड, मी तुझं उघडते' असे व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत. मीही अशा एका गटात महिनाभर होते. न वाचता वीस-एक कथांना पाच तारे दिले. त्यातली एक कथा नंतर निवांत वाचली. तिचा शेवट घाईत उरकला होता आणि मी तिच्या लेखिकेला तसं सांगायला हवं होतं. बिचारीने पुढची कथाही तशीच उरकली. तेव्हा मी गटातून बाहेर पडले. भाग पाचशे शब्दांचे करून प्रत्येक वेळी ऐन प्रसंगात तोडायला लागलेल्या लेखिकाही मी बघते. त्यांना मी दोष देत नाही, कारण आपली यादी त्यांच्याकडून तेच मागते. लेखी अभिप्राय हीच एक जागा होती जिथे कुणी कुणाला थांबवून दोन शब्द बोलू शकत होतं.

माझ्या मागण्या अशा आहेत. माझ्या मालिकेवरचे सगळे लेखी अभिप्राय, लिहिणाऱ्याचं अ‍ॅपवरचं नाव आणि तारीख यांसह, मला फाइलमध्ये मिळावेत. सर्व्हरवर ते अजून असतील अशी माझी आशा आहे. ते खरोखरच नष्ट केले असतील तर तसं लेखी कळवावं. प्रसिद्धी पॅकचे ७४९ रुपये परत करावेत. यादीत कथा कशाच्या आधारावर वर जाते ते साध्या मराठीत अ‍ॅपवर लिहावं आणि पैसे देऊन वर आणलेल्या कथेवर तसा ठळक शिक्का असावा. आणि कथेखाली लिहायची जागा परत द्यावी. तारे ठेवायचे असतील तर ठेवा, माझं त्यावर भांडण नाही. घाणेरडं लिहिणारे असतात हे मला माहीत आहे, मलाही दोन-तीनदा तसं लिहून आलं. त्यासाठी ते लिहिणाऱ्याला अडवावं. बाकीच्या हजारांचं तोंड बंद करू नये.

माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनुसार तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची असते आणि पंधरा दिवसांत निवारण करायचं असतं. माझी पहिली तक्रार ११ मार्चची आहे. या पत्रानंतरही काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यासाठी आपल्या शहरात यावं लागत नाही. मात्र मला खटला नको आहे, अभिप्राय हवे आहेत.

त्यातही एक आधी पाठवता आला तर फार उपकार होतील. एका आजींना डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्यांची मुलगी त्यांना माझे भाग वाचून दाखवायची आणि त्या सांगतील ते टाइप करायची. असे त्यांचे सात अभिप्राय होते. पहिले सहा मी वहीत उतरवून घेतले आहेत. सातवा १७ फेब्रुवारीला आला, तो लांब होता, रविवारी सावकाश उतरवू म्हणून ठेवला आणि राहूनच गेला. त्यांनी त्यात संपाच्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली होती आणि लिहिलं होतं की हे तुमच्या अव्वाच्या तोंडी घाला. त्यांचा पत्ता किंवा फोन माझ्याकडे नाही. मुलीचं अ‍ॅपवरचं नाव त्या अभिप्रायांवरच दिसायचं. बासष्टावा भाग मी त्या गोष्टीपाशी आणून थांबवला आहे.

आपली ग्राहक,
(नाव, सदस्य क्रमांक आणि पत्ता सोबतच्या पानावर)

सोबत : ८ मार्चच्या पानाचं छायाचित्र, प्रसिद्धी पॅकची पावती, वाचनवेळेच्या आकडेवारीची प्रत, चार तक्रारींचे क्रमांक.