संमती लिहून दिली आहे

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आईने मला पुढे बोलूच दिलं नसतं, म्हणून लिहिते आहे. येत्या सोमवारपासून माझी ड्युटी नागपूरजवळच्या सावनेरला, कोळशाच्या भूमिगत खदानीत आहे. वरच्या ऑफिसात नाही, खाली. संमती मी लिहून दिली आहे.

आई, पूर्ण वाच, मग काय बोलायचं ते बोल. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना खाली उतरायला मनाई होती. २०१९ मध्ये ती सैल झाली, तीही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्या वेळेतच आणि बाईने स्वतः लिहून दिलं तरच. माझी ड्युटीही दिवसाचीच आहे, रात्रपाळी नाही. जबरदस्ती कोणी केलेली नाही. ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरच्या उघड्या खदानीतच राहिले तर मॅनेजरचं प्रमाणपत्र तेवढ्यापुरतंच मिळतं. भूमिगत खदान चालवायची तर खालचा अनुभव लागतोच, आणि मला चालवायची आहे. बाबा, तुम्ही ज्यांच्या हुकुमावर इतकी वर्षं खाली गेलात, त्या खुर्चीत टोपली भरणाऱ्याची कंबर ओळखणारं कोणीतरी बसायला हवं. मी का नाही?

शंकरकाकांचं झालं तेव्हा मी लहान होते, पण तुम्ही महिनाभर कसे जेवत होतात ते मला आठवतं. म्हणून नीट सांगते. छताला टेकू देणाऱ्या तुमच्या वेळच्या लाकडी बल्ल्यांवर आता भिस्त नाही. छताला भोक पाडून त्यात रेझिनची कॅप्सूल आणि दीड मीटरचा बोल्ट बसवतात, म्हणजे थर एकमेकांना धरून राहतात. कोळसा टोपलीने नाही, एसडीएल नावाच्या लोडर मशीनने उचलतात. हवेतला मिथेन, म्हणजे पेट घेणारा वायू, १.२५ टक्क्यांवर गेला की वीज तोडायची आणि माणसं बाहेर काढायची, हा नियम आहे. तो मोजायचं मीटर आता माझ्या हातात असेल. उगाच धाडस करणार नाही.

तरी खरं सांगू? सगळ्यात जास्त भरवसा मला तुम्ही शिकवलेल्यावर आहे. ट्रेनिंगला गेले होते तेव्हा मायनिंग सरदाराने, म्हणजे खालच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाने, लोखंडी बारने छत ठोकून मला विचारलं, "मॅडम, कसं वाटतं?" घट्ट छत खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं. क्वार्टरच्या फुगलेल्या गिलाव्यावर बोटं वाजवून तुम्ही मला हेच ऐकवायचात. मी म्हटलं, "हा तुकडा पाडून घ्या." त्यांनी पाडला. बोलले काही नाहीत, पण पुढच्या वळणावर बार माझ्या हातात दिला.

पहिली पाळी सुटून तुम्ही आंघोळ करून यायचात, तरी पापण्यांच्या कडा काळ्याच राहायच्या. बाबा काजळ का घालतात, असं मी विचारायची आणि आई पदराचं टोक ओलं करून तुमचे डोळे पुसायची. आई, माझे डोळे मी स्वतः नीट धुईन. बायकांसाठी कपडे बदलायची वेगळी खोली आहे. गमबूट माझ्या मापाचे मिळाले. खाली दमट असतं, पण चंद्रपूरच्या मे महिन्याच्या मानाने काहीच नाही. क्वार्टरला पाणी दोन वेळा येतं, डबा मी स्वतःच करते. ज्वारीचं पीठ संपत आलंय, तेवढं पाठव.

आता माझं ऐका. बाबा, तो तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. खाली विडी-काडी नेता येत नव्हती म्हणून ती सवय लागली, हे मला ठाऊक आहे. पण निवृत्त होऊन किती वर्षं झाली? सकाळचा खोकला "थंडीचा" म्हणून ढकलू नका. निवृत्तांचं मेडिकल कार्ड कपाटात पडून आहे, ते काढा आणि या आठवड्यात छातीचा एक्स-रे करून घ्या. कोळशाच्या खदानीत काम केलंय, हे डॉक्टरांना आधी सांगा. लपवू नका. आई, तू सोबत जा, नाहीतर हे चौकातूनच परत येतील. आणि ती शेगडी घरात पेटवू नकोस, त्या धुराने बाबांची छाती आणखी भरते. वांग्याच्या भरतासाठी हवी तर अंगणात पेटव. बीपीची गोळी जेवायच्या आधी की नंतर, ते चिठ्ठीवर बघ, शेजारणीला विचारू नकोस.

चैत्रात महाकालीच्या यात्रेला मी येते, सुट्टी आत्ताच मागून ठेवली आहे. रोज बाहेर आले की लॅम्परूमला दिवा जमा करून आधी तुम्हालाच फोन करीन. पाळी सुटल्यावरही हाजरी, रिपोर्ट यांत वेळ जातो, त्यामुळे पाच वाजेपर्यंत वाट पाहायची, त्याआधी कोणाला फोन लावत बसायचं नाही.

एक्स-रेचा रिपोर्ट आला की दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवा.

तुमची,
छकुली