गोल पट्टीबद्दल, आणि तुझं बरोबर होतं

प्रिय दोस्ता,

चार महिने तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, रागावला असशील, रागाव. आई बरी आहे, गोळ्या चालू आहेत, माझा गुडघा तसाच. आता ऐक, हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील एका फळीसाठी एवढं काय.

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जी लाकडी पट्टी फिरवलीय ना, आपली, गोल कडेची, तिचा रंग खाली जरा फुगलेला दिसला म्हणून परवा सहज अंगठा दाबला तर तो आत गेला रे. ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा. वरून रंग चकचकीत आणि आत काळपट ओला भुसा, चौकोनी चौकोनी तुकडे होऊन हातात आला. मी तिथेच शिडीवर बसून राहिलो. "कापलेल्या टोकाला प्रायमर मार" म्हणून तू किती ओरडला होतास, आणि मी म्हणालो दिसणार नाही तिथे रंग कशाला, त्यावरून दोन दिवस अबोला. बरोबर तूच होतास. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते टोकाकडून, त्याच्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडी असतात. वर मी शहाण्यासारखी खालची फट सिलिकॉनने बंद केली, मग आत शिरलेलं पाणी जाणार कुठे? ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते.

आता चारही खिडक्यांना काय लावायचं यावर घरात रोज वाद. दादा म्हणतो पीव्हीसी लाव नि मोकळा हो. कुजत नाही, वाळवी नाही, सगळं कबूल, पण उन्हाने लांबतं ना ते! 12 फुटी पट्टी थंडीतल्या पहाटेपासून भर उन्हापर्यंत 30 अंश तापली तर 6 मिलिमीटरच्या आसपास वाढते, मग कोपऱ्यातले सांधे टिकायचे कसे, आणि आईला हवाय तो गडद हिरवा रंग, त्याने तर अजूनच तापणार. अ‍ॅल्युमिनियम नको, एकदा पोचा आला की आला. फायबर सिमेंट मला पटतंय, सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू, उन्हापावसात फारसं हलत नाही, रंगही धरून ठेवतं. जड आहे, ठिसूळ आहे, आणि कापताना जी सिलिकाची धूळ उडते ती फुप्फुसाला फार वाईट, त्यामुळे तुझा दमा बघता त्या दिवशी तू अजिबात इकडे फिरकायचं नाही. आणि हो, त्याचीही कापलेली टोकं रंगवावी लागतातच, हस आता.

पण त्यात आपला गोल निघत नाही. आणि सुतार म्हणतो जुनं सगळं उपटून फेकू. त्या सुट्टीत तू रंधा ओढायचास आणि मी फळी दाबून धरायचो, तुझ्या तळहाताला फोड आला होता, ते फेकायचं? मी नाही म्हटलं. दुसऱ्या तीन खिडक्यांना फायबर सिमेंट, ही एक मात्र लाकडाचीच. कुजलेलं वीतभर कापायचं, चांगलं लाकूड लागेपर्यंत, आणि सांधा तिरका घ्यायचा, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी आत न जाता बाहेर ओघळेल. नवा तुकडा सागाच्या गाभ्याचा, कडेचं पांढुरकं लाकूड सागाचं असलं तरी कुजतं. सहाही बाजूंना प्रायमर, खाली थोडी फट मोकळी. यावेळी टोकं मी स्वतः रंगवणार, दोनदा.

तुझी बदली झाली का? वहिनींची परीक्षा कधी आहे? पोरीला बोलायला लाव एकदा माझ्याशी.

आणि तो गोल काढायचा रंधा तुझ्याकडेच आहे ना, माळ्यावर? पातं गंजलं असलं तरी चालेल, मी घासतो. पुढच्या आठवड्यात सुतार येतोय, त्याच्या आधी घेऊन ये. फळी मी धरतो.

तुझाच