रोतोरुआहून, पातीच्या फुलासह

रोतोरुआ, न्यूझीलंड

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

येथील उकळत्या चिखलाची आणि गरम पाण्याच्या फवाऱ्यांची वर्णने तुला कुठेही वाचायला मिळतील, म्हणून मी येथील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या विणकामाविषयीच लिहितो. १९२६ साली माओरी नेते आपिराना न्गाटा यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यामुळे या गावात माओरी कलांच्या शिक्षणाचा पाया घातला गेला. १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेली आजची संस्था गावातल्या ‘ते पुईया’ नावाच्या ठिकाणी आहे आणि तिच्या विणकाम विभागात मी कालचा सारा दिवस बसून होतो.

विणकाम हाराकेके नावाच्या झुडपाच्या पातीचे. तलवारीसारखी लांब, चिवट पाती पाहून मला आपल्याकडचा घायपात आठवला. माओरींच्या लेखी झुडपाच्या मधला कोवळा कोंब म्हणजे मूल, त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या पाती म्हणजे आईबाप. या तिघांना सुरी लावायची नाही, कापायच्या त्या केवळ बाहेरच्या, आजीआजोबांच्या पाती, आणि त्याही पावसात किंवा रात्री नाहीत. कोंब राहिला तर झुडूप जगते, हे खरेच. परंतु शिकवणारी बाई मूल, आई, बाप असे म्हणत एकेका पातीवर ज्या मायेने बोट ठेवीत होती, ते पाहताना माझा गळा दाटून आला.

नृत्याच्या वेळी कमरेला बांधतात तो पिउपिउ नावाचा घागरा याच पातीचा. ठरावीक अंतरावर पातीची साल शिंपल्याने खरवडून आतले तंतू उघडे करतात, ते झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून लोहयुक्त काळ्या चिखलात बुडवतात. उघडे तंतू काळे होतात, न खरवडलेला भाग वाळून पिवळा पडतो आणि आपोआप गुंडाळून नळी होते. संध्याकाळी नर्तक वळले की त्या शेकडो नळ्या एकमेकींवर आपटून जो खळखळाट होतो, त्याने गाण्याला ठेका मिळतो. तो आवाज तू ऐकायला हवा होतास.

बाईंनी मलाही पातीचे एक फूल विणायला शिकवले. ते तीनदा उसवले, चौथ्यांदा जमले. विणणाऱ्याने आपले पहिले काम स्वतःजवळ ठेवायचे नसते, ते दुसऱ्याला द्यायचे असते, अशी येथील रीत आहे. ते फूल या पाकिटात आहे.

तुझा,
माधव