दार एवढ्यात उघडू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर मी समजावायला लागले की बाबा 'बरं, बरं' म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून पत्रच लिहिते आहे.

बाबा, आत्याच्या बोक्याला आपल्या दोघी मांजरींपासून, मनी-ठकीपासून, लांब मागच्या खोलीत ठेवल्याचं तुम्हाला टोचतंय, ते कळतं मला. "अक्काच्या घरात राजासारखा फिरायचा आणि आपण त्याला कोंडलंय," असं म्हणालात. पण त्याचं माणूस गेलं, घर गेलं, ओळखीचे वास गेले, तेही आठवड्याभरात. अशा वेळी मांजराला मोठं घर मोकळं मिळण्यापेक्षा एक छोटी जागा 'आपली' वाटणं जास्त गरजेचं असतं. लपायला एक खोकं, एका कोपऱ्यात खाणं-पाणी, खाण्यापासून लांब शी-शूच्या वाळूचा (लिटरचा) ट्रे आणि दिवसातून दोन-तीनदा तुम्ही नुसतं जाऊन बसणं. त्याला उचलू नका, पेपर वाचत बसा. तो आपणहून येईल.

आणि आई, तुझ्या हाताला ओरखडाच आहे ना, की तो चावलाय? चावला असेल तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली धू आणि आजच डॉक्टरकडे जा. मांजराचा दात बारीक असतो, वरून टिकलीएवढं भोक दिसतं पण जंतू खोल जातात, त्यात तुला मधुमेह. पुन्हा कधी बोक्याची आणि त्या दोघींची जुंपलीच तर हात मध्ये घालायचा नाही. मध्ये पुठ्ठा सरकवायचा नाहीतर वर चादर टाकायची.

'आपापसात बघून घेतील' असं तुम्हाला वाटतं, ते माझंही मत होतं. माझ्याकडे दुसरं मांजर आणलं तेव्हा पिंजरा थेट दिवाणखान्यात उघडला होता. पुढचे आठ महिने दोघींनी घर वाटून घेतलं होतं आणि एक जण माझ्या अंथरुणावर मुतायची. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला असता.

मांजर एकट्यानं शिकार करणारं जनावर आहे. आपल्या हद्दीत आलेलं अनोळखी मांजर त्याला पाहुणा वाटत नाही, घुसखोर वाटतं. ओळख पटते ती मुख्यतः वासानं. मनी तुमच्या पायाला गाल घासते तेव्हा लाड तर असतातच, शिवाय ती स्वतःचा वास लावून ठेवते. मनीला दातांसाठी दवाखान्यात ठेवलं होतं ते आठवतं? घरी आली तर ठकी, तिची सख्खी बहीण, तिच्यावरच फिस्कारली होती. मांजर तेच होतं, अंगाला वास तेवढा दवाखान्याचा होता.

तेव्हा आधी वासांची ओळख. बाबांचा जुना मोजा बोक्याच्या गालावरून फिरवा आणि मनी-ठकीच्या वावरातल्या जागी टाकून द्या, त्यांच्या नाकाशी धरू नका. त्यांचा वास तसाच त्याच्याकडे जाऊ दे. हुंगून, कंटाळून निघून गेल्या की समजा पास. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं. भांडी आधी लांब ठेवा, दोन्हीकडे निवांत खाल्लं जातंय असं दिसलं की रोज थोडी दाराजवळ आणा. मध्येच कुणी खायचं थांबलं तर पुन्हा मागे. त्यानंतर रोज थोडा वेळ जागांची अदलाबदल करा, तो घरात आणि या दोघी त्याच्या खोलीत. समोरासमोर सगळ्यात शेवटी, तेही आधी जाळीतून. मी येताना जाळीची चौकट घेऊन येईन. बाबांनी शिडीवर चढून खिळे ठोकायचे नाहीत.

त्या फिस्कारल्या म्हणून घाबरू नका. फिस्कारणं म्हणजे 'लांब राहा' एवढंच. मला भीती वाटते ती गप्प बसून टक लावून बघण्याची. तसं दिसलं की मध्ये उशी धरा, नजर तुटू द्या आणि त्या दिवसापुरतं आटपा.

हे सगळं डॉक्टरांनी तपासल्यावरच. लस, जंत, गजकर्ण आणि रक्ताची तपासणी. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून पसरतो, एकमेकांना चाटलं तरी पुरतं. नसबंदी झाली आहे का, तेही विचारा. नसेल तर करून घ्या, पण दुसऱ्याच दिवशी तो शांत होईल असं समजू नका, काही आठवडे जातात.

ट्रे चार लागतील. तीन मांजरं आणि एक जास्तीचा, असा हिशोब आहे. एका ओळीत नको, कारण एकीनं वाट अडवली की चारही गेले. मनीसाठी बुटक्या कडेचा, तिचेही गुडघे बाबांसारखेच झालेत.

दोन गोष्टींत मात्र माझ्या फोनची वाट बघू नका. कुणी दिवसभर तोंडात काही घेतलं नाही तर दवाखाना, कारण उपास मांजराच्या यकृताला झेपत नाही. आणि बोका ट्रेत पुन्हापुन्हा बसतोय पण लघवी होत नाहीये असं दिसलं तर रात्र असली तरी त्याच क्षणी निघा.

किती दिवस लागतील? तीन आठवडे, कदाचित तीन महिने. गळ्यात गळे घालतीलच असं नाही. एकाच खोलीत पाठी फिरवून झोपायला लागले तरी मी पेढे वाटीन.

बाबा, आई सांगत होती की तो आत्याची शाल ओढून खोक्यात घेऊन बसतो आणि ती मळलीय म्हणून तुम्ही धुवायला काढणार आहात. ती धुऊ नका. मी आले की मलाही एकदा हातात घ्यायची आहे.

तुमची,
धाकटी