बाबा, ते अर्धवट राहिलेलं बोलणं

पुणे, 4 नोव्हेंबर

प्रिय आई-बाबा,
जय येशू.

परवा मृतांच्या दिवशी काकांच्या कबरीवर इतका वारा होता की एक मेणबत्ती टिकेना. बाबा, तुम्ही गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांचा आडोसा केलात आणि म्हणालात, "माझ्या वेळी मात्र..." मी लगेच म्हटलं, "आजच्या दिवशी असलं काही बोलू नका." तुम्ही गप्प झालात. बोटावर ओघळून सुकलेलं मेण नखाने खरवडत बसलात. वसईहून पुण्याला पोहोचेपर्यंत ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

येशू स्वतःच्या मरणाविषयी सांगायला लागला, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने त्याला बाजूला घेऊन दटावलं होतं, असं तुझ्या बाबतीत कधीच होणार नाही म्हणून. प्रेमापोटीच. आणि येशूने त्याला केवढं झिडकारलं, हे तुम्हीच मला लहानपणी वाचून दाखवलंत. परवा मी पेत्रासारखी वागले. मला माफ करा.

आपण रोज संध्याकाळी रोझरी म्हणतो. पन्नास वेळा पवित्र मरियेला विनवतो, आमच्यासाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी प्रार्थना कर. मग जेवायला बसल्यावर तोच शब्द कुणी काढला की अभद्र कसा होतो?

काकांच्या वेळी या न बोलण्याची किंमत काकांनी मोजली. तेवीस दिवस व्हेंटिलेटर. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या दांड्याला बांधले होते. आयुष्यभर वाडीत राबलेले हात ते. डॉक्टर रोज विचारायचे, पुढे काय करायचं, आणि आपण सहा जण एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. काकांना काय हवं होतं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. फादर आले तेव्हा ते शुद्धीत नव्हते. कपाळाला तेल लागलं, पण शेवटचा कबुलीजबाब राहिला, ख्रिस्तप्रसाद राहिला. त्या रात्री बाहेरच्या बाकड्यावर तुम्ही मला विचारलंत, "मशीन काढलं तर आपण त्याला मारलं असं होईल का गं?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता थोडं आहे. 1957 साली पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं होतं, की असाधारण उपाय करत राहण्याचं बंधन माणसावर नाही. 1980 च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात तेच आहे, आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही आहे. मरण आणण्यासाठी इंजेक्शन देणं हे पापच. पण ज्या उपचारांचा जाच फार आणि उपयोग जवळपास नाही, ते थांबवणं म्हणजे मारणं नव्हे. मरण आपल्याला अडवता येत नाही, हे मान्य करणं आहे. आंघोळ, अन्नपाणी, कूस बदलणं, ही सेवा मात्र सोडायची नाही. वेदना असह्य झाल्या तर मॉर्फिनसारखं औषध घ्यायला चर्चची मनाई नाही. आई, दुःख येशूच्या क्रूसाला जोडून अर्पण करावं, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण ते ज्याचं त्याने अर्पण करायचं असतं गं, आपण दुसऱ्यावर लादायचं नसतं.

पोप दुसरे जॉन पॉल 2005 मध्ये दोनदा इस्पितळात जाऊन आले. शेवटी मात्र पुन्हा तिथे गेले नाहीत, स्वतःच्या खोलीतच राहिले. 2 एप्रिलला गेले, तेव्हा उशाशी प्रार्थना चालू होती.

कायद्याचंही सांगते, कारण बाबा, तुम्ही विचारणारच. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला जिवंतपणीचं इच्छापत्र, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं आणि 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत बरीच सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आणि आपल्याला बोलता येईनासं झालं तर कुणी निर्णय घ्यायचा त्याचं नाव. कागद आहे म्हणून कुणी लगेच मशीन बंद करत नाही, डॉक्टरांची दोन मंडळं तपासून मगच मान्यता देतात. आणि आपलं मन ठिकाणावर आहे तोवर तो कधीही बदलता येतो.

पण कागद नंतर. आधी तुमच्या तोंडून ऐकायचंय.

आई, दिवाळीत तुझं कपाट आवरताना खालच्या कप्प्यात जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली पांढरी साडी मला सापडली. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. घडीत तुझ्या आईची लाकडी जपमाळ होती, तिचा क्रूस दोऱ्याने बांधलेला. मला कळलं ते काय आहे. मी घडी होती तशी ठेवली आणि तुला काही बोलले नाही. तू एकटीनेच तयारी करून ठेवलीस, आणि आम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाहीस ना?

येशूने क्रूसावर, श्वास घेणं जड जात असताना, आपल्या आईची सोय लावली. तिला आपला शिष्य योहान याच्या हवाली केलं, मोजक्या दोन वाक्यांत. मला हे सगळ्यात जवळचं वाटतं. त्याने ते मनात ठेवलं नाही.

म्हणून मला सांगा. घरी राहायचंय की इस्पितळात? बरं होण्याची आशाच उरली नाही, तरी व्हेंटिलेटर लावायचा? फादरांना कधी बोलवायचं? मला वाटतं, शुद्ध असतानाच, मोठं आजारपण आलं की लगेच. रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार, काही फक्त शेवटच्या श्वासासाठी नाही. आम्हा भावंडांत मतभेद झाले तर कुणाचं ऐकायचं? मिस्साला कुठली गीतं? बाबा, तुम्हाला काकांच्या शेजारी जागा हवीय का? तुमचं उत्तर मला पटलं नाही, तरी मी तेच पाळीन.

हे लिहिताना मी दोनदा उठून तोंड धुऊन आले. तुमच्याशिवायच्या घराची कल्पना मला करवत नाही. पण काकांसारखे तुमचे हात बांधलेले बघणं मला त्याहून सोसणार नाही.

शनिवारी येते. दुपारपर्यंत पोहोचेन. संध्याकाळी रोझरी झाली की टीव्ही लावू नका. आई, ती साडी बाहेर काढून ठेव, दोघी मिळून उन्हात घालू. आणि बाबा, "माझ्या वेळी मात्र"च्या पुढचं मला ऐकायचंय. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
बाय